ऐतिहासिक टाकी

उद्घाटन रविवारी होतं, आणि शनिवारी दुपारी तीन वाजेपर्यंत पाणचक्कीत असं एकही काम उरलं नव्हतं, जे दोघांनी दोन तऱ्हांनी करून एकमेकांचं बिघडवलं नव्हतं.

वारसा केंद्राचे स्वयंसेवक अकरा. अकराही निवृत्त आणि अकराही सल्लागार. एकाने भिंतीला चुना लावायला घेतला की उरलेले दहा मागे हात बांधून चुना कसा लावतात ते सांगत उभे राहायचे. चार वर्षांत ती पडकी इमारत उभी राहिली ती एका पगारी गवंड्यामुळे, आणि दारातल्या फलकावर नेमका तोच नव्हता. फलकावर सगळ्यात वर अण्णा होते, ‘गावाचे अखेरचे थोर चक्कीवाले’, आणि त्यांच्या खाली तितक्याच ठळक अक्षरांत अध्यक्ष म्हणून त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे दादा.

अण्णा गेले आणि चक्की थांबली, त्याला तीस वर्षं झाली. वाटणीच्या वेळी घर, जमीन, झाडं, अगदी विहिरीवरचा दोरसुद्धा दोघा भावांनी भांडून घेतला होता. चक्की तेवढी कोणालाच नको होती, म्हणून ती मोठ्या मनाने गावाला देऊन टाकली. देऊन टाकल्यावर मात्र ती दोघांनाही आपली वाटू लागली. ताई दोघांहून मोठी, पण तिला काही विचारण्याचा प्रश्न नव्हता. तिने कागदावर सही केली होती आणि सगळ्यांना चहा दिला होता.

धाकटा आज औषधाचं दुकान बंद ठेवून आला होता. मदतीला नव्हे, दोष काढायला.

“आलास? चल, आधी टाकी बघ,” दादा म्हणाला.

“टाकी मी दोन वर्षं रस्त्यावरून बघतोय. टाकीच दिसते, चक्की दिसत नाही.”

ते खरं होतं. चक्कीच्या छपराहून उंच चौथऱ्यावर एक दगडी टाकी उभी होती आणि तिच्याखाली जमिनीत दुसरी. दोन्हींच्या कडा नीट गोल घासलेल्या. वरच्या टाकीला पितळी तोटी होती आणि तिच्यातून पाण्याची बारीक धार खालच्या टाकीत अखंड पडत होती. दादा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला. जन्मभर त्याने टाक्याच बांधल्या होत्या, आणि आता वडिलांच्या नावाने आणखी दोन बांधल्या होत्या.

“सगळं अण्णांच्या वहीत आहे,” दादा सांगू लागला. तो हे किमान शंभराव्यांदा सांगत होता. “तारीखवार. ‘खालची टाकी लावली. वरची उद्या.’ म्हणजे टाक्या किती? दोन. पाट आटला की वरच्या टाकीचं पाणी चाकावर सोडायचं. त्या काळात दुहेरी साठा! मी पस्तीस वर्षं खात्यात काढली, मला नसतं सुचलं.”

“खणल्यावर सापडल्या का त्या?”

“नाही. पुरात गेल्या असणार. म्हणून तर पुन्हा बांधल्या.”

“आणि हे कोपरे का गोल?”

“वहीत आहे. ‘टाकी बोथट झाली.’ बोथट म्हणजे काय? कोपरा नाही. आणि त्याच्या पुढची ओळ, ‘टाकीला धार लावली.’ ही बघ धार.” दादाने तोटीखाली हात धरला आणि ओला हात रुमालाला पुसला. “अण्णा माणूसच वेगळा होता.”

धाकट्याला काहीतरी खटकत होतं, पण काय ते सांगता येईना. “दादा, मला इथे टाकी असल्याचं काही आठवत नाही.”

“तुला काय आठवणार? पिठाने तुला दम लागायचा, तू कधी दाराच्या आत आला नाहीस. मी दहाव्या वर्षी मामाकडे शिकायला गेलो. आठवायला होतं कोण इथे?”

ताई तेव्हाही इथे होती आणि आत्ताही वीस पावलांवर पत्र्याच्या शेडमध्ये चहाचं पातेलं ढवळत होती. पण काखेत कळसा नि गावाला वळसा घालण्यात या घराण्याचा हात कोणी धरला नसता.

शेडमध्ये ताईजवळ दादाची मुलगी कप पुसत होती. ती दातांची डॉक्टर. दोन दिवस दवाखाना बंद ठेवून ती वडिलांच्या हट्टापायी आली होती आणि आल्यापासून अकरा सल्लागारांपैकी सात जणांनी तिला तोंड उघडून दाखवलं होतं.

“आत्या, उद्या तुला पहिल्या रांगेत बसवणार ना?”

“मी चहाची गं. चहावाले रांगेत बसत नाहीत.”

“पण बाबांनी बोलावलं असेल की.”

“बोलावलं तर! ‘ताई, साठ कप लागतील,’ असं बोलावलं.”

पुतणी हसली. ताई हसली नाही. तिने गॅस बारीक केला आणि दारातून त्या टाकीकडे पाहिलं, दिवसातून दहा वेळा पाहायची तसंच. टाकीचा पहिला दगड बसला तेव्हाच तिला सगळं कळलं होतं. पहिला महिनाभर तिला वाटत राहिलं, आज कोणीतरी विचारील. मग तिला राग आला. मग रागाचीही सवय झाली आणि गंमत वाटू लागली. गवंडी टाकीचे कोपरे गोल करत होता त्या दिवशी ती मुद्दाम दोनदा चहा घेऊन गेली होती, नीट दिसावं म्हणून. उथळ पाण्याला खळखळाट फार असतो हे तिला ठाऊक होतं, पण आपला भाऊ त्यासाठी दोन टाक्या बांधील असं वाटलं नव्हतं.

तरी ती इथे टिकून होती ती गमतीसाठी नव्हे. आत, जाड कापडाखाली, चक्कीचे दोन दगड होते आणि त्या दगडांवर कोरलेल्या बारीक चऱ्या तिच्या हातच्या होत्या. बावीस वर्षं, दर पंधरा दिवसांनी, ती त्या दगडांवर वाकून बसली होती. हे गावात कोणाला माहीत नव्हतं, भावांना नव्हतं, आणि अण्णा गेल्यावर जगात कोणालाच नव्हतं. उद्या चक्की फिरली की पीठ हातात घेऊन तिला कळणार होतं, आपलं काम तीस वर्षांनी शाबूत आहे की नाही. लोकांना नाही कळलं तरी तिला कळणार होतं. एवढ्यासाठी चार वर्षं तिने या शहाण्यांना चहा पाजला होता.

“चल, रंगीत तालीम आहे म्हणे,” पुतणी म्हणाली. “आई बोलावतेय.”

“तू हो पुढे. हे उतू जाईल.”

आत वहिनी शेवटची तसबीर सरळ करत होती. वहिनी म्हणजे दादाची बायको, शाळेत तीस वर्षं भाषा शिकवलेली. केंद्रातले सगळे माहितीफलक तिने लिहिले होते आणि त्यांत एक वेलांटी चुकलेली नव्हती, याचा तिला मजकुरापेक्षा जास्त अभिमान होता. मधोमध काचेची पेटी होती. पेटीत वही, आणि वहीशेजारी वीतभर लोखंडी वस्तू, एका टोकाला चपटी. खाली चिठ्ठी: ‘लोखंडी अवजार. उपयोग अज्ञात.’ पेटीवरच्या मोठ्या फलकावर वहीतले निवडक उतारे छापले होते आणि त्यांच्यावर मथळा होता, ‘अण्णांची दुहेरी टाकी पद्धत’.

“सगळे मागे व्हा,” दादाने हुकूम सोडला. सगळे एक पाऊल पुढे आले.

त्याने कापड ओढलं. दगड आरशासारखे चमकले आणि स्वयंसेवकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवण्यात त्यांच्यात एकमत होतं.

“मशीन लावून पॉलिश केलंय,” दादा म्हणाला. “नाहीतर नुसते ओरखडे होते त्यांच्यावर.”

बाहेर गवंड्याने पाटाची फळी उचलली. पाणी आलं, चाक कण्हलं, अडलं आणि फिरलं. आत वरचा दगड हलला. तीस वर्षांनी तो आवाज आला तेव्हा धाकट्यालासुद्धा क्षणभर गहिवरून आलं, आणि मग लगेच, उद्या भाषणात आपला उल्लेख आहे की नाही हे त्याला आठवलं. दादाने ओंजळभर गहू वैरला. मग आणखी ओंजळभर.

खाली काहीच येईना.

“वेळ लागतो,” दादा म्हणाला.

मग करपल्याचा वास आला. मग दगडांच्या फटीतून काहीतरी चपटं, काळपट, वाफाळतं बाहेर आलं. पीठ नव्हतं ते. गहू चेंगरला होता, भाजला होता आणि एकमेकांना चिकटला होता.

“फळी पाडा! बंद करा!” धाकटा ओरडला. चाक थांबलं.

“गहूच ओला असणार,” निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले.

“पाण्याचा जोर जास्त झाला. मी म्हटलं होतं.”

“मी त्याच्या आधी म्हटलं होतं.”

“टाकीतून पाणी सोडून बघायचं का?” आणखी एकाने सुचवलं.

नाचता येईना अंगण वाकडं, आणि इथे तर अंगणाचे अकरा जाणकार. दादा घामाघूम झाला. उद्या अकरा वाजता संग्रहालयाचे माजी संचालक येणार होते आणि त्यांच्या हातावर ताजं पीठ ठेवायचं असं कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं.

वास शेडपर्यंत गेला होता. ताई पदर खोचलेला तशीच आत आली. तिला वाट द्यायचं कोणाला सुचलं नाही, तीच एकेकाला बाजूला करत दगडाजवळ पोचली. तिने उजवा तळवा दगडावर टेकला. मग दोन्ही तळवे टेकले आणि कडेपासून मध्यापर्यंत फिरवत नेले. कुठेच काही लागलं नाही.

“चऱ्या कुठे गेल्या?” ताईने विचारलं.

दारातून गवंडी म्हणाला, “बाई, मी विचारलं होतं साहेबांना, या ठेवायच्या का म्हणून. साहेब म्हणाले, जुने ओरखडे आहेत, घासून काढ.”

ताईला रडू आलं. एवढ्या माणसांत रडू आल्याचाही तिला संताप आला. तिने नाक ओढलं आणि दादाकडे वळली.

“ओरखडे? अरे मूर्खा, गहू दळतो कोण? दगड नुसता बसतो. दळतात त्या चऱ्या. तू चक्कीचे दात काढलेस, सगळेच्या सगळे, आणि वर पॉलिश केलंस.”

“आत्या बरोबर बोलतेय बाबा,” दातांची डॉक्टर म्हणाली. “दाढ अशी गुळगुळीत झाली तर कोणी चावू शकणार नाही.”

“तू मध्ये बोलू नकोस.” दादाचा आवाज चढला. “ताई, हे अण्णांच्या वहीत असतं तर मी ठेवलं असतं. त्यांच्या वहीतला शब्दन् शब्द पाळलाय मी. सांग, चऱ्यांचं कुठे लिहिलंय?”

“पानोपानी लिहिलंय.”

“टाकीचं लिहिलंय पानोपानी!”

“तेच ते,” ताई म्हणाली. तिने वहिनीकडे हात केला. “ती पेटी उघड गं.”

वहिनीने किल्ली काढली. ताईने वहीकडे पाहिलंही नाही. उपयोग अज्ञात असलेलं लोखंडी अवजार तिने उचललं, अंगठ्याने त्याचं टोक चाचपलं आणि दादाच्या नाकासमोर धरलं.

“ही टाकी. दगडाला लावतात ती. खालची टाकी म्हणजे खालच्या दगडाची, वरची म्हणजे वरच्या. बोथट होते ही. मग लोहाराकडे जाऊन हिला धार लावून आणायची. तुझ्या नळाची नव्हे.”

सगळे आधी टाकीकडे, मग खिडकीतून दिसणाऱ्या दुसऱ्या टाकीकडे पाहू लागले. बाहेर पितळी तोटीतून धार पडत होती. पहिल्यांदा पोस्टमास्तरांना हसू फुटलं. मग धाकटा असा हसला, असा हसला की त्याला भिंत धरावी लागली.

“गोल कोपरे!” तो म्हणत होता. “दादा, गोल कोपरे केलेस रे! ताई, तू हे दोन वर्षं बघत होतीस?”

“कोणी विचारलं होतं?”

“घरात तर या कामाला दगड काढणं म्हणायचे,” दादा पुटपुटला. “अण्णा दगड काढतायत, असं. टाकी शब्द कधी मी ऐकलाच नाही.”

“तू सुट्टीत यायचास, जेवायचास आणि झोपायचास. कुठून ऐकशील?”

धाकट्याला इतका आनंद गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता. त्याने ताईच्या खांद्यावर हात ठेवला. वाटणीनंतर पहिल्यांदाच त्याला बहिणीचं प्रेम आलं होतं, आणि हे प्रेम दादाच्या फजितीवर पोसलेलं होतं हे सांगायला ज्योतिषी नको होता. “ताई, उद्या तूच बोल. अण्णा कसे टाकी लावायचे ते तू सांग लोकांना.”

वहिनी हसली नव्हती. फलक तिने लिहिले होते, म्हणजे अर्धं हसू तिच्यावर होतं. ती पेटीतली वही हातात घेऊन उताऱ्यांशी पडताळून पाहत होती. चूक वाचणाऱ्याची की लिहिणाऱ्याची, एवढं तरी ठरावं, असा तिचा हेतू होता. तिची मुलगी मागून डोकावत होती.

“आई, इथे काय लिहिलंय? ‘सकाळपासून बसले. पाठ धरली.’ आणि फलकावर तू ‘बसलो’ छापलंयस.”

“ती चूक होती मूळची. मी दुरुस्त केली,” वहिनी म्हणाली. “अण्णा ‘बसले’ कसं लिहितील स्वतःला? बसलो लिहितील. घाईत...”

तिने पान उलटलं. ‘वरची टाकी लावली.’ ‘चरी खोल केली.’ ‘दगड पालथा घातला.’ कोणी, ते कुठेच नाही. या भाषेत लावली म्हटलं की टाकी कळते, लावणारा कळत नाही. तीस वर्षं हाच धडा तिने मुलांना शिकवला होता. तिने आणखी पानं उलटली. ‘अंधार पडेतो बसले.’ ‘थकले.’ मघाचं धरून तीन ठिकाणी. तिन्ही ठिकाणी फलकाच्या कच्च्या मजकुरात तिने लाल शाईने काना ओढून ‘लो’ केलं होतं. संसारात वहिनीने सोयीसाठी बरंच खोटं पचवलं होतं, पण व्याकरणाच्या बाबतीत तिला खोटं बोलता येत नसे.

“ही वही अण्णांची नाही,” ती म्हणाली. “ही बाईने लिहिलेली आहे. ताई, ही तुमची आहे.”

हसणं थांबलं.

“अण्णांनी सांगितलं असेल, ताईने उतरवून घेतलं असेल,” दादा घाईने म्हणाला.

“म्हणून पाठ पण त्यांची धरली आणि थकले पण तेच?” वहिनीने विचारलं.

ताईने टाकी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली आणि डावा हात पालथा करून पुतणीसमोर धरला. त्यावर मनगटापर्यंत निळसर काळे ठिपके होते. घरातले सगळे ते जन्मतःचे समजत आले होते.

“बघ गं डॉक्टर, काय आहे हे.”

पुतणीने अंगठ्याने एक ठिपका दाबला, मग दुसरा. “कडक लागतंय. आत काहीतरी आहे. लोखंड?”

“टाकीचे कण. दगडावर आपटली की उडतात आणि कातडीत शिरतात. मला बघायला आलेले लोक हे बघून परत गेले. त्यांना काही रोगबिग वाटला.” ताई आता दादाकडे न बघता सगळ्यांना सांगत होती. “मी एकोणीस वर्षांची होते तेव्हापासून अण्णांचे हात थरथरायचे. कप धरता येत नव्हता, हातोडी कुठली धरतात? पण लोकांना कळलं असतं तर दळण दुसरीकडे गेलं असतं. आणि पोरीने टाकी लावलीय म्हटल्यावर तर गेलंच असतं. म्हणून दार लावायचं. मी आत, अण्णा दाराशी. कोणी आलं की, ‘आत्ताच दगड काढून उठलो,’ म्हणायचे आणि हात खिशात घालायचे.”

दादाला खिशात हात घालून उभे असलेले अण्णा आठवले. तो त्यांचा रुबाब समजत आला होता, आणि साहेब झाल्यावर तोही तसाच उभा राहायला शिकला होता. त्याने आपला हात खिशातून बाहेर काढला. मग त्याचं काय करावं हे त्याला समजेना.

सगळ्यात आधी सावध झाला धाकटा. ताईच्या खांद्यावरचा त्याचा हात कधीच निघाला होता.

“हे बघा, झालं ते झालं,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “पण हे बाहेर बोलायची गरज नाही. दादा, तुझं काय मत?”

“माझंही तेच मत आहे,” दादा म्हणाला. वाटणीनंतर दोघा भावांचं एकमत होण्याची ही पहिली वेळ. “ताई, तू मोठ्या मनाची आहेस.”

“उद्या अण्णांच्या नावाने दालन उघडतंय,” धाकटा पुढे सरसावला. “लोक म्हणणार, बापाने पोरीला बावीस वर्षं राबवलं आणि नाव स्वतःचं केलं. मेलेल्या माणसाची काय शोभा होईल? मी दुकानात बसतो ताई, मला रोज शंभर तोंडं दिसतात.”

“आणि दुहेरी टाकीचं ते आपण फलकावरून काढून टाकू,” दादा म्हणाला. “टाकी लावायचे, एवढंच ठेवू. अण्णा लावायचे. तू फक्त उद्यापुरतं बघ. आज संध्याकाळपर्यंत जेवढं होईल तेवढं. चार चऱ्या पाड, मूठभर पीठ पडलं तरी पुष्कळ. सगळ्यांना बाहेर काढतो मी. कोणी येणार नाही, कोणी बघणार नाही. तू निवांत दार लावून घे.”

दादाने हे खरोखर प्रेमाने म्हटलं होतं. आपण काय बोललो हे त्याला कळलं नाही. पोस्टमास्तरांना कळलं, त्यांनी मान खाली घातली.

ताईला अण्णांचा राग कधी आला नव्हता. त्यांच्याजवळ दुसरा उपाय नव्हता आणि रोज रात्री ते तिच्या हातांना तेल चोळत, आपल्या थरथरत्या हातांनी. या दोघांजवळ उपाय होते. शिक्षण होतं, पगार होते, फलक होते. आणि तरी यांना सुचलं तेच, दार.

“नाही,” ती म्हणाली.

“ताई, उद्या पाहुणे...”

“कोऱ्या दगडावर चऱ्या पाडायला मला पंधरा दिवस लागतील. महिनासुद्धा लागेल. गवंड्याला माझ्या हाताखाली दे, त्याला शिकवते. निदान तो विचारून तरी काम करतो. दार उघडं राहील. ज्याला बघायचं त्याने बघावं. मग चक्की फिरेल. त्याआधी इथे काही उघडायचं नाही.”

“पत्रिका वाटून झाल्यात! संचालकांना मी काय सांगू?”

“जे आहे ते.”

“आणि मी हे मान्य केलं नाही तर?”

ताईने टाकी दगडावर ठेवली. “तर तुमच्या टाकीचं उद्घाटन करा. पाणी चांगलं आहे तिचं.”

दादाने आधाराला आजूबाजूला पाहिलं. अकरा सल्लागारांपैकी एकाजवळही सल्ला नव्हता. त्याने बायकोकडे पाहिलं. चाळीस वर्षांत अशा वेळी वहिनी त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली नाही असं झालं नव्हतं, आणि बहुतेक वेळा तो चुकलेला असे. आजही ती निघाली, पण त्याच्याकडे नाही. तिने स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि ‘अण्णांची दुहेरी टाकी पद्धत’ भिंतीवरून उतरवायला घेतली. फलक जड होता. खालून तिच्या मुलीने धरला.

“काय करतेस तू?” दादा म्हणाला.

“शुद्धलेखन,” वहिनी म्हणाली. “तीन चुका माझ्या आहेत. बाकीच्या तुम्ही बघा.”

धाकटा एव्हाना दाराकडे सरकला होता. दुकान उघडायची वेळ झाली, असं तो कोणालातरी सांगत होता. मघापासून दारात उभा असलेला गवंडी बाजूला झाला नाही, तेव्हा धाकटा तिथेच थांबला.

दादाने फोन काढला. संचालकांचा नंबर लावला. घंटा वाजत राहिली, मग पलीकडून कोणीतरी फार मोठ्याने ‘हॅलो’ म्हणालं; म्हाताऱ्यांना कमी ऐकू येत होतं.

“साहेब, मी बोलतोय. चक्कीचा अध्यक्ष. उद्याचा कार्यक्रम पुढे ढकललाय... हो, महिनाभर. नाही, तब्येत उत्तम आहे... कारण म्हणजे...” त्याने ताईकडे पाहिलं. ताई दगडावर हात ठेवून उभी होती आणि त्याला अजिबात मदत करत नव्हती. “दगडाला टाकी लावायची राहिलीय... नाही साहेब, पाण्याची नाही. ती बांधली, ती चूक झाली. ही वेगळी... कोण लावणार? बहीण. माझी मोठी बहीण.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. दादाने मान खाली घातली आणि तो हळू आवाजात म्हणाला, “हो. आधीही तीच लावत होती. वडील नव्हे.”

“मोठ्याने सांग,” ताई म्हणाली. “ऐकू गेलं नसेल त्यांना.”

दादाने पुन्हा, मोठ्याने सांगितलं.